मॉडीनच्या नावची खोली

बायकोनं मला तीन दिवसांच्या सुटीवर पाठवलं, असं मी सगळ्यांना सांगतो. शेजारचा बफर्ड सिम्स म्हणतो, पाठवलं नाही, हाकललं. बफर्डनं आयुष्यात एकही अर्ज स्वतः भरलेला नाही, तेव्हा योग्य शब्द कुठला हे त्यानं मला शिकवू नये.

झालं एवढंच, की मार्चमध्ये मी सीडर फोर्डचा पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो आणि एप्रिलपासून घरात लक्ष घालायला लागलो. लक्ष घालण्यासारखं पुष्कळ होतं. मॉडीननं चौतीस वर्षं एकटीनं घर सांभाळलं, त्याचं मला कौतुकच आहे, पण चमच्यांच्या खणात काटे कसे येतात याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. मी खणांना चिठ्ठ्या चिकटवल्या. कुत्र्याचं वेळापत्रक करून मागच्या दाराला लावलं. कुत्रं दोन दिवस त्याप्रमाणे वागलंसुद्धा. मे महिन्यात मॉडीनच्या नावानं एक गुळगुळीत पाकीट आलं. खाली समुद्रकिनाऱ्यावर 'सिल्व्हर मलेट', म्हणजे रुपेरी मासा, अशा नावाचा नवा कॅसिनो उघडला होता, वर चौदा मजली हॉटेल, आणि उद्घाटनाच्या आनंदात त्यांनी तिला तीन रात्रींची खोली फुकट देऊ केली होती. मॉडीननं लगेच फोन करून खोली ठरवली आणि पाकीट माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

"तू जा," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी इथंच."

"मी एकटा तिथं काय करू?"

"ते तिथं गेल्यावर ठरव. ओडेल, मला तीन दिवस या घरात कुणी काही सुचवलेलं नकोय."

मी जायला तयार झालो. तिनं हे हळू आवाजात सांगितलं होतं, आणि तीच गोष्ट ती दुसऱ्यांदा इतक्या हळू सांगत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता आमच्या गल्लीत कुणी नुसता दाताच्या डॉक्टरकडे निघाला तरी चार लोक कुंपणाशी येऊन त्याला तोंड कसं उघडायचं ते सांगतात. विनोना टॅगर्ट चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर बसते. ती झाडांना पाणी घालायचं थांबवून आली.

"जुगाराचा अड्डा आहे तो, ओडेल. पाप आहे. कोळंबी मात्र चांगली असते म्हणे."

"मी जुगार खेळायला चाललेलो नाही, विनोना. समुद्र बघायला चाललोय."

"सगळे समुद्रच बघायला जातात," ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "सहाव्या मजल्याच्या वरची खोली घेऊ नकोस. आगीच्या बंबाची शिडी तिथपर्यंतच पोचते."

बफर्डचा सल्ला जास्त घातक होता, कारण तो हातात कोट घेऊन आला होता. डाळिंबी रंगाचा, पितळी बटणांचा कोट. त्याच्या दिवंगत काकाचा.

"तू हा असा चौकटीचा शर्ट घालून गेलास तर तुला कपडे धुण्याच्या मशिनाशेजारची खोली देतील," तो म्हणाला. "हॉटेलवाले माणूस बघत नाहीत, कोट बघतात. माझ्या काकाची मोठमोठ्या लोकांत ऊठबस होती. शेवटी सगळे त्याच्याकडेच यायचे. आणि हे बघ, काउंटरवर लायसन्स देताना खाली वीस डॉलरची नोट दुमडून ठेवायची आणि नुसतं विचारायचं, 'जरा बरी खोली मिळेल का?' समुद्राकडची खोली मिळालीच समज."

"याला लाच म्हणतात, बफर्ड."

"पोस्टात म्हणत असतील. हॉटेलात याला रीत म्हणतात."

कोट मला खांद्यात बसत होता, हे माझं दुर्दैव. नसता बसला तर ही गोष्टच घडली नसती.

मंगळवारी पहाटे निघून साडेदहाला मी सिल्व्हर मलेटच्या पोर्चमध्ये पोचलो. गाडी स्वतःच लांब मैदानात लावली, कारण माझ्या गाडीची चावी मी परक्या माणसाच्या हाती कधीच देत नाही. हॉटेल उघडून नऊ दिवस झाले होते. लिफ्टच्या बटणांवर अजून प्लास्टिक होतं. स्वतःची नोंद स्वतः करण्याची तीन यंत्रं ओळीनं उभी होती आणि तिन्हींच्या पडद्यावर 'लवकरच' एवढाच शब्द चमकत होता. खऱ्या काउंटरवर माणसं दोन. आणि रांग!

रांगेबद्दल मला थोडं बोलू द्या, कारण या विषयात मला कळतं. रांग म्हणजे नुसती एकामागे एक उभी राहिलेली माणसं नव्हेत. रांगेला आपण कशासाठी उभे आहोत हे ठाऊक असावं लागतं. ही रांग काउंटरपासून निघून जुगाराच्या मशिनांमधून वळत वळत कोळंबीच्या उपाहारगृहापर्यंत गेली होती, तिथं ती त्या उपाहारगृहाच्या रांगेत मिसळली होती, आणि बऱ्याच लोकांना आपण खोलीसाठी उभे आहोत की जेवणासाठी, हे सांगता येत नव्हतं. मधूनच एखादा उभ्या उभ्या शेजारच्या मशिनात नशीब आजमावायचा, तेवढ्यात रांग पुढं सरकायची, आणि मग भांडण. मी पन्नास मिनिटं हे उघड्या डोळ्यांनी पाहिलं. हात शिवशिवत होते. पण मी सुटीवर होतो.

काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर 'थुई' अशी पाटी होती. पंचविशीची, चेहरा दमलेला, पण बोलणं गोड. मी लायसन्स पुढं सरकवलं, खाली बफर्डनं सांगितलेली नोट, आणि पाठ करून ठेवलेलं वाक्य म्हटलं.

"जरा बरी खोली मिळेल का?"

थुईनं लायसन्स उचललं. नोट उचलली. "साहेब, तुमचे वीस डॉलर पडले," ती म्हणाली आणि सगळ्या रांगेला दिसतील असे माझ्या हातात परत दिले. माझ्यामागचा माणूस खोकला. ते खोकणं आजाराचं नव्हतं.

"ओडेल प्रुइट," थुई कळफलक बडवत म्हणाली. "या नावानं काही नाही, साहेब. मॉडीन प्रुइट आहेत."

"ती माझी बायको."

"त्या कुठंयत?"

"घरी."

"मग खोलीत कोण राहणार?"

"मी. तिनं मला पाठवलंय. एकट्याला."

हे वाक्य मनात म्हणताना वेगळं वाटतं आणि अनोळखी लोकांसमोर मोठ्यानं म्हणताना वेगळं. मागच्या माणसाच्या बायकोनं माझ्याकडं करुणेनं पाहिलं.

"सवलत ज्यांच्या नावची त्यांनाच खोली देता येते, साहेब. नाहीतर त्यांनी फोनवर तसं सांगायला हवं. नियम आहे."

ज्याच्या नावचं पाकीट त्याच्याच हातात पाकीट, हा नियम मी चौतीस वर्षं पाळला होता. एकदा ख्रिसमसच्या आदल्या दिवशी खुद्द बफर्डला त्याच्या बायकोच्या नावचं पार्सल दिलं नव्हतं. तो बर्फात उभा राहून मला काय काय बोलला होता. आता त्याच नियमाच्या दुसऱ्या बाजूला मी उभा होतो, आणि त्या बाजूला फार वारा लागतो.

"शिवाय हा पत्ता," थुई म्हणाली. "ग्रामीण मार्ग दोन, पेटी एकशे चौदा. हा पत्ता आमचं कॉम्प्युटर घेत नाही. असा पत्ता अस्तित्वातच नाही म्हणतंय."

या जागी मला थोडं पाणी प्यावं लागलं. टपालपेटीच्या आकड्यांचे पत्ते रद्द होऊन रस्त्यांना नावं मिळाली त्याला सहा वर्षं झाली. तालुक्यातल्या नऊशे घरांनी आपापली कागदपत्रं बदलून घ्यावीत म्हणून मी स्वतः दारोदार फिरलो होतो, आळशी लोकांना भर रस्त्यात बोललो होतो. एक माणूस राहिला. त्याला वेळ झाला नव्हता.

मी मॉडीनला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. चौथ्यांदा लावला तेव्हा थुई हलकेच म्हणाली, "साहेब, तुम्ही तिकडं बसता का? फोन लागला की थेट माझ्याकडं या. नाहीतरी खोल्या चारनंतरच तयार होतात."

तिकडं म्हणजे कारंज्याजवळचे सोफे. मी बसलो. चार मिनिटं बसलो असेन. मग नुसते पाय मोकळे करायला पोर्चमध्ये गेलो, आणि तिथंच घात झाला.

पोर्चमध्ये गाड्या तीन ओळींत तुंबल्या होत्या. गाड्या लावणारी हॉटेलची माणसं होती, पण मागच्या गॅरेजचं फाटक बंद पडून त्यातली बरीचशी आतच अडकली होती. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की एका लांबलचक पांढऱ्या गाडीतून टोपीवाला गृहस्थ उतरला, माझ्याकडं आला, माझ्या तळहातावर चावी ठेवली, वरच्या खिशात एक नोट खोचली आणि "सांभाळून हं, नवी आहे," म्हणून आत गेला.

"अहो, मी इथला..." मी म्हणालो. दार फिरत राहिलं, तो दिसेनासा झाला.

मी कोटाकडं पाहिलं. मग आतून धावत आलेल्या हॉटेलच्या एका माणसाकडं पाहिलं. डाळिंबी रंग, पितळी बटणं. त्याच्या छातीवर मासा विणलेला होता आणि माझ्या नव्हता, फरक एवढाच.

अशा वेळी शहाणा माणूस चावी काउंटरवर देऊन मोकळा होतो, हे मला मान्य आहे. पण ती पांढरी गाडी रुग्णवाहिकेच्या पट्ट्यावर आडवी उभी होती. नियमाप्रमाणे ती तिथं एक मिनिटही चालत नाही. मी ती काढून पलीकडच्या मैदानात नीट लावली आणि परत आलो तर दोन बायका चाव्या पुढं करून उभ्या. त्यांना मी सांगितलं की मी पाहुणा आहे. त्या हसल्या. एक म्हणाली, "आम्हीपण," आणि चावी देऊन गेली.

मग मात्र व्यवस्था लावणं भाग होतं. किल्ल्या खिशात एकत्र खुळखुळू देणं म्हणजे टपालाची पिशवी रस्त्यात उपडी करणं. दाराशी हॉटेलच्या फुकट पोस्टकार्डांचा गठ्ठा होता. एकेक कार्ड मधून फाडायचं, दोन्ही अर्ध्यांवर एकच आकडा, एक अर्धं मालकाला, एक चावीला; मागं गाडी कुठं लावली ते. अर्ध्या तासात अकरा गाड्या झाल्या आणि पोर्च रिकामा झाला. लोक मला 'कॅप्टन' म्हणायला लागले होते. मार्चनंतर प्रथमच माझी पाठ दुखत नव्हती, हे मी इथं प्रामाणिकपणे नोंदवतो.

आत गेलो तर रांग होती तशीच, फक्त आणखी चिडलेली. मी शेपटापासून सुरुवात केली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: "तुम्हाला नक्की काय हवंय?" पोस्टात हा प्रश्न विचारला की निम्मी गर्दी ओसरते. इथंही तेच. काहींना कोळंबी हवी होती. त्यांना डावीकडं लावलं. काहींना नुसतं सभासदाचं कार्ड हवं होतं, त्याची खिडकी मागच्या बाजूला मोकळी पडली होती. तब्बल सतरा लोकांना फक्त स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारायचं होतं आणि त्यासाठी ते पाऊण तास सभ्यपणे उभे होते. त्यांना मी बोटानं दाखवलं. त्यातले काही पळाले. उरलेल्यांना आडनावाच्या अक्षरावरून दोन ओळींत उभं केलं. वीस मिनिटांनी थुईनं मान वर केली आणि तिच्यासमोर फक्त सहा माणसं होती.

"साहेब," ती म्हणाली, "हे काय केलंत तुम्ही?"

"काही नाही. फोन लागत नव्हता."

या सगळ्यात मिस अर्नेस्टीन आल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, चर्चला जातानाची टोपी, हातात आकाशी रंगाची छोटी पेटी. बहिणीच्या नातवाच्या लग्नासाठी सगळं गोत तिथं जमणार होतं आणि त्या सगळ्यांच्या आधी येऊन पोचल्या होत्या. त्यांना उभं राहणं होत नव्हतं. मी त्यांना थेट थुईपुढं नेलं, चारच्या आधीच तयार झालेली एक खोली मिळवून दिली आणि पेटी मागून पाठवतो म्हणालो, कारण लिफ्टपर्यंत चालायला त्यांना दोन्ही हात काठीला लागत होते.

"तीन वाजायच्या आत पाठव हं, बाळ," त्या म्हणाल्या. मी एकसष्ट वर्षांचा आहे. "माझी हृदयाची गोळी आहे त्यात. तीनला घ्यावी लागते, नाहीतर डाव्या हाताला मुंग्या येतात."

मी कार्ड फाडलं, बारा आकडा घातला, अर्धं त्यांना दिलं, पेटी काउंटरशेजारच्या कुंडीमागं सुरक्षित ठेवली. आणि एवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला.

"फार छान काम चाललंय," एक उंच माणूस म्हणाला. तो हॉटेलचा व्यवस्थापक होता, प्रेस्कॉट. "तुम्ही कुठल्या विभागातले?"

"पोस्ट," मी म्हणालो. सवयीनं निघून गेलं.

"आमच्याकडं पोस्टाचा विभाग नाही," प्रेस्कॉट म्हणाला, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

सुरक्षा खात्याची खोली तळघरात होती. प्रमुख होत्या कॅप्टन लॅव्होन नेकेझ, रुंद खांद्यांच्या, शांत बाई. त्यांनी मला खिसे रिकामे करायला सांगितले. टेबलावर अकरा गाड्यांच्या चाव्या आल्या, चुरगळलेल्या नोटा आल्या, बाईच्या नावचं खोलीचं पत्र आलं, अस्तित्वात नसलेल्या पत्त्याचं लायसन्स आलं. मग त्यांनी कोट उलटा करून आतली पट्टी वाचली.

"'सिम्स आणि मंडळी, अंत्यविधी व्यवस्था,'" त्यांनी वाचलं. "तुम्ही प्रेतं नेता का, साहेब?"

बफर्डच्या काकाकडं सगळे मोठे लोक शेवटी का यायचे, ते मला त्या क्षणी समजलं.

मी पहिल्यापासून सांगायला लागलो. निवृत्ती, चमचे, कुत्रं, पाकीट. कॅप्टननी मधे तोडलं नाही. खरं बोलणं इतकं खोटं वाटू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. माझं मलाच मधूनमधून पटेना.

"म्हणजे तुम्ही अकरा गाड्या पळवल्या नाहीत."

"लावल्या. सगळ्या समांतर."

"आणि बायकोच्या नावानं खोली घ्यायला आलात."

"घ्यायला नाही. मिळालेलीच होती."

"आणि हे सगळं खरं आहे असं सांगणारं कुणी?"

"मॉडीन. पण ती फोन उचलत नाहीये."

कॅप्टननी खुर्चीत मागं रेलून माझ्याकडं पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात दोन वीस झाले होते. मला खुर्चीत बसवेना. उठलो, त्यांनी बसवलं. पुन्हा उठलो.

"काय चुळबुळ चाललीये तुमची?"

"कॅप्टन, मला हवं तितका वेळ ठेवा. पोलिसांना बोलवा. पण कुंडीमागं एक आकाशी पेटी आहे, ती मिस अर्नेस्टीनना तीनच्या आत पोचायला हवी. हृदयाची गोळी आहे. मी शब्द दिलाय."

"खोली कितवी?"

आकडा मला आठवेना. खोलीचा आकडा मी मालकिणीच्या अर्ध्या कार्डावर लिहिला होता. माझ्याकडच्या अर्ध्यावर नव्हता. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी पत्ता न लिहिता टपाल घेतलं होतं. आणि त्यांचं आडनावही मी विचारलं नव्हतं. आमच्याकडं म्हाताऱ्या बाईला आडनाव कोण विचारतो?

कॅप्टननी बिनतारी यंत्रावर वर विचारलं. कुंडीमागं काही नाही, असं उत्तर आलं. प्रेस्कॉट दारात उभा राहून घड्याळ बघत होता. त्याला पोलीस हवे होते. मला फक्त ती पेटी दिसत होती, आणि वर कुठंतरी चौदा मजल्यांत एकीचा डावा हात.

दोन पस्तीसला कॅप्टननी माझ्याच फोनवरून पुन्हा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. तीनदा वाजला.

"काय आहे, ओडेल," मॉडीनचा आवाज आला. झोपेतला.

"मी कॅप्टन नेकेझ, सिल्व्हर मलेटची सुरक्षा. ओडेल प्रुइट नावाचे गृहस्थ तुमचे कोण?"

"जिवंत आहे ना?"

"आहेत. त्यांनी आमच्या पाहुण्यांच्या अकरा गाड्या लावल्या, प्रत्येकीला आकड्याची चिठ्ठी बांधली, आणि काउंटरची रांग अक्षरांप्रमाणे लावली. कुणी सांगितलेलं नसताना."

"माझाच नवरा आहे," मॉडीन म्हणाली.

प्रेस्कॉटनं खांदे पाडले.

"येऊन घेऊन जाता का, मॅडम?"

"नाही," मॉडीन म्हणाली. "त्याची खोली शुक्रवारपर्यंत आहे. तोवर तुमच्याकडंच राहू दे."

कॅप्टननी ओठ घट्ट मिटले. त्या हसत नव्हत्या असं त्यांचं म्हणणं. त्यांनी फोन माझ्याकडं दिला.

"मॉडीन, तू फोन का उचलत नव्हतीस? मी किती..."

"सोफ्यावर झोपले होते. भर दुपारी. कितीतरी वर्षांनी." मग, "जेवलास का?"

"नाही."

"गाड्या कुठं आदळल्या नाहीस ना?"

"एकही नाही."

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि तो आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. "ठेव आता. पुन्हा झोपणार आहे."

मी उठून कोटाकडं हात केला. कॅप्टननी तो उचलून कपाटात ठेवला.

"कोट इथंच राहील. हा घालून बाहेर गेलात तर आणखी अकरा चाव्या घेऊन याल. चला, पेटी शोधू."

पेटी सापडलेल्या वस्तूंच्या खिडकीत होती. कुणा सफाईवाल्यानं कुंडीमागून उचलून दिली होती. खिडकीतला माणूस चष्मा नाकावर घेऊन बसला होता. त्यानं पेटी दिसेल अशी ठेवली होती, देईना मात्र.

"ज्यांची वस्तू त्यांनीच यायला हवं. ओळखपत्र घेऊन. आणि हा अर्ज, दोन प्रती."

मी त्याच्याकडं पाहिलं. असा माणूस मी रोज सकाळी दाढी करताना बघत आलोय. त्याला समजावण्यात अर्थ नसतो हे मला ठाऊक होतं. तीनला अकरा मिनिटं कमी.

"दे त्यांना," कॅप्टन म्हणाल्या.

"पण कॅप्टन, नियम..."

"हा माणूस शुक्रवारपर्यंत माझ्या ताब्यात आहे. त्याच्या हातात दिलंस म्हणजे माझ्या हातात दिलंस. लिहून घे."

त्यानं लिहून घेतलं. सावकाश. मी त्याच्या जागी असतो तर मीही सावकाशच लिहिलं असतं.

खोलीचा आकडा थुईला आठवत होता. दिवसभरात तिनं शेकड्यांनी माणसं पाहिली असतील, पण टोपीवाली म्हातारी आणि तिच्यासाठी रांग मोडणारा माणूस तिच्या लक्षात होते. अकरावा मजला. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबली, कारण प्लास्टिकखालून कुणाला कुठलं बटण दाबलं ते दिसत नव्हतं. शेवटचे दोन मजले मी जिन्यानं चढलो आणि दार ठोठावलं तेव्हा मला माझं स्वतःचंच हृदय ऐकू येत होतं.

मिस अर्नेस्टीननी दार उघडलं. डावा हात उजव्या हातानं चोळत होत्या. पेटी घेतली, आतून डबी काढली, गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायल्या, आणि मग माझ्याकडं नीट पाहिलं.

"तुझा कोट कुठं गेला?"

"काढून घेतला, मॅडम."

"माझ्या पेटीपायी?"

"तसं म्हणता येईल."

त्यांनी काठी उचलली. "चल. मी बोलते त्या उंच माणसाशी. असल्या चांगल्या माणसाला कामावरून काढतात म्हणजे काय? माझी अडतीस माणसं उतरणारेत इथं लग्नाला. सगळ्यांना दुसऱ्या हॉटेलात नेईन."

त्यांना दाराशी अडवता अडवता माझी पुरेवाट झाली. मी सांगितलं की मी इथं नोकरीला नाही. सांगितलं की मी पाहुणा आहे, खाली माझ्या बायकोच्या नावची खोली आहे, आणि नोकरी माझी मार्चमध्येच संपली. हे सगळं मी दारात उभ्यानं एका दमात सांगितलं. त्या काठीवर हात ठेवून ऐकत राहिल्या.

"मग तुला आज काम काय आहे?"

"काही नाही."

"आणि उद्या?"

"उद्याही नाही, मॅडम."

"मग असा दारात काय उभा राहिलायस?" त्या म्हणाल्या. "बस की."

गॅलरीत दोन खुर्च्या होत्या. त्यांनी आकाशी पेटीच्या तळातून मेणकागदात गुंडाळलेलं तळलेलं कोंबडीचं मांस काढलं, घरचं, कालचं, आणि एक तंगडी माझ्या हातात दिली. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. समोर समुद्र होता, दुपारच्या उन्हात तपकिरी आणि सपाट. कोळंबीच्या होड्या परत येत होत्या. मिस अर्नेस्टीन आपल्या बहिणीच्या नातवाबद्दल सांगत होत्या, नवरी मुलगी चांगली आहे, पण फार सुचवत असते.

मग मी खाली पाहिलं. पोर्चमध्ये पुन्हा गाड्या तुंबायला लागल्या होत्या. एक निळी गाडी सरळ रुग्णवाहिकेच्या पट्ट्यावर येऊन थांबली. माझं अर्धं शरीर खुर्चीतून वर आलं.

"असू दे," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नव्हतं. "येईल कुणीतरी."

मी वाट पाहिली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग कोटावर मासा विणलेला एक माणूस बाहेर आला, निळ्या गाडीत बसला आणि ती घेऊन गेला.

मी मागं टेकलो. त्यानं वळताना दिवा दाखवला नाही. पण मी काही बोललो नाही.